फुले भरपूर, फळे नाहीत : वाळवंटी परसबागेतील टोमॅटो आणि मिरची

उष्ण वाळवंटी हवेत परसबाग करणाऱ्या वाचकांची पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून पहिल्या उत्तरात मूळ कारण सविस्तर दिले आहे आणि पुढील उत्तरांत त्याचाच आधार घेतला आहे.

प्रश्न : माझ्या परसातील टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची झाडे हिरवीगार आहेत आणि रोज नवी फुलेही उमलतात, परंतु गेल्या महिनाभरात एकही फळ धरलेले नाही. दुपारचे तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते. पाणी वाढवले, दर आठवड्याला खत दिले, तरी रोज सकाळी झाडांखाली फुलांचा सडा पडलेला असतो. कोठे चुकत आहे?

उत्तर : आपल्या झाडांना रोग झालेला नाही आणि त्यांची उपासमारही होत नाही. टोमॅटोचे एखादे गळू घातलेले फूल जवळून पाहा. देठाच्या मध्यावर एक फुगीर पेर असते; प्रथम ते पिवळे पडते आणि नंतर बोटाचा हलका स्पर्श होताच फूल नेमके तेथूनच तुटते. फलन न झालेले फूल झाड स्वतःहून टाकून देते, त्याची ही खूण आहे.

टोमॅटोच्या बाबतीत दिवसाचे तापमान साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्रीचे २१ ते २४ अंशांच्या वर राहू लागले की परागकण दुबळे होतात, परागकोश नीट उघडत नाहीत आणि फळधारणा झपाट्याने घटते. ढोबळी मिरचीही जवळपास याच मर्यादेत फुले गाळते. बहुतेक जण दुपारच्या आकड्याकडे पाहतात, पण माझ्या मते अशा हवेत बागेचे खरे वेळापत्रक रात्रीच्या तापमानावर आखावे. दुपारी ३६ अंश असूनही रात्र १८ अंशांपर्यंत उतरत असेल तर काही फळे धरतात. रात्रच २८ अंशांची असेल तर झाडाला सावरायला अवधीच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परागकण फूल उमलल्यावर तयार होत नाहीत. उमलण्याच्या साधारण एक ते दोन आठवडे आधी, कळी अगदी लहान असतानाच, ते घडत असतात आणि उष्णतेचा मोठा घाव त्याच वेळी बसतो. त्यामुळे हवा निवळली तरी पहिल्या आठवड्यात उमलणारी फुले बहुधा गळतातच. या टप्प्यावर निराश होऊन झाडे उपटणारे वाचक दरवर्षी भेटतात आणि त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण आणखी दहा-बारा दिवस धीर धरला असता तर त्याच झाडांना फळे लागली असती.

खत मात्र तूर्त थांबवावे. नत्र अधिक झाले की झाड पाल्यावर जाते आणि त्या वाढलेल्या पाल्याला भर उन्हात पाणीही अधिक लागते. या काळात झाड जिवंत आणि निरोगी राखणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे. फळांची अपेक्षा उन्हाळ्याच्या दोन्ही कडांना ठेवावी. पुनर्लागवडीपासून पहिले पिकलेले टोमॅटो हाती येईपर्यंत वाणानुसार साधारण ६० ते ८५ दिवस लागतात. आपल्याकडे रात्री तापू लागतात तो आठवडा कोणता, ते नोंदवून तेथून उलटे मोजावे. टोमॅटोचे बी लागवडीच्या सहा ते आठ आठवडे आधी आणि मिरचीचे आठ ते दहा आठवडे आधी घरात पेरावे, आणि कडाक्याच्या थंडीचा धोका टळताच तयार रोपे वाफ्यात जावीत. दुसऱ्या हंगामासाठी ऐन उन्हाळ्यात सावलीत रोपे तयार करावीत, म्हणजे रात्री उतरू लागतील तेव्हा झाडे फुलोऱ्यावर येतील. लवकर पिकणारे वाण निवडावेत. चेरी टोमॅटोसारखे लहान फळांचे वाण मोठ्या फळांच्या वाणांपेक्षा उष्णतेत अधिक काळ फळ धरतात. मिरचीतही लहान फळांच्या तिखट जाती ढोबळीपेक्षा काटक असतात. सीमारेषेवरच्या दिवसांत सकाळी फुलांच्या घोसांना बोटाने हलकेच टिचकी मारावी. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्याला फक्त थोडे कंपन लागते.

प्रश्न : बियांच्या पाकिटावर टोमॅटो आणि मिरचीला दिवसाचे सहा ते आठ तास पूर्ण ऊन द्यावे असे लिहिलेले असते. मग शेडनेट बांधले तर उत्पन्न घटणार नाही का? माझ्या मिरच्यांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडत आहेत.

उत्तर : पाकिटावरची सूचना सौम्य हवामान गृहीत धरून लिहिलेली असते. वाळवंटातील निरभ्र आकाशाखाली सकाळच्या चार-पाच तासांतच झाडाला पुरेसा प्रकाश मिळतो. त्यानंतरचे ऊन बहुतांशी उष्णतेच्या रूपाने झाडावर भार टाकते. आपल्या मिरच्यांवरील चट्टे हा उन्हाचा भाजलेपणा आहे. उघड्या पडलेल्या बाजूची साल तापून पेशी मरतात, भाग पांढरा आणि पातळ होतो आणि पुढे तेथे काळी बुरशी बसते.

रानमिरचीचे उदाहरण येथे फार बोलके आहे. उत्तर अमेरिकेतील सोनोराच्या वाळवंटात चिल्टेपिन नावाची, वाटाण्याएवढ्या फळांची रानमिरची आढळते. ती सहसा उघड्या माळावर उगवत नाही, तर मोठ्या झाडाझुडपांच्या आडोशाला वाढते. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. ते फळे खातात आणि ज्या झाडांवर जाऊन बसतात त्यांच्याच सावलीत बी पडते. मिरची वाळवंटात जगते ती अशी, कुणाच्या तरी छायेत. परसबागेत आपण तेच साधायचे आहे.

३० ते ५० टक्के सावली देणारे जाळे पुरेसे होते. त्याहून गडद जाळ्याखाली झाडे उंच, लुकडी होतात आणि फुले कमी येतात. जाळे झाडाला टेकवू नये. शेंड्याच्या वर हात-दीड हात मोकळी जागा ठेवून ते ताणावे आणि बाजू वाऱ्यासाठी उघड्या ठेवाव्यात. एकच बाजू झाकणे शक्य असेल तर पश्चिमेची झाका, कारण दिवसभर तापलेल्या हवेत झाडावर तिरपे पडणारे दुपारनंतरचे ऊन सर्वांत जाचक असते. पाने खुडून झाड मोकळे करण्याची पद्धत या हवेत सोडून द्यावी. फळावरचे प्रत्येक पान ही एक छत्रीच असते. रात्री २० अंशांच्या आसपास येऊ लागल्या की जाळे काढून टाकावे.

प्रश्न : दुपारी झाडे माना टाकतात म्हणून मी दिवसातून तीन वेळा पाणी घालते. तरीही टोमॅटोचा खालचा भाग काळा पडून कुजतो. अंड्याची टरफले घातली, पण उपयोग झाला नाही.

उत्तर : दुपारी पाने मलूल होणे हे दर वेळी तहानेचे लक्षण नसते. मुळे जेवढे पाणी ओढू शकतात त्यापेक्षा अधिक पाणी पानांतून उडून जात असते, म्हणून झाड पाने मिटवून स्वतःला वाचवते. सूर्य कलल्यावर ती पुन्हा ताठ झाली तर काळजी नको. सकाळीही मलूलच असतील तर मात्र पाणी कमी पडले आहे किंवा मुळांना इजा झाली आहे असे समजावे. पाणी देण्यापूर्वी बोट मातीत खोल घालून पाहावे. मातीचा गोळा वळतो पण हात चिकट होत नाही, असा वाफसा आत असेल तर पाणी देऊ नये.

तीन वेळा शिंपडलेले थोडे थोडे पाणी वरच्या दोन-तीन बोटांतच राहते आणि उडून जाते. मुळेही मग वरच, म्हणजे सर्वांत तापलेल्या थरात, पसरतात. त्याऐवजी पहाटे एकदाच, ओल साधारण ३० सेंटिमीटर खोल पोहोचेल इतके सावकाश पाणी द्यावे. ठिबक असेल तर उत्तम. ते रोज द्यायचे की दोन-तीन दिवसांआड, हे मातीच्या प्रतीवर अवलंबून आहे. उन्हात पडलेल्या नळीतील पहिले पाणी हाताला चटका देईल इतके तापलेले असते; ते झाडावर न सोडता बादलीत काढून घ्यावे. मातीवर काडीकचरा, पेंढा किंवा वाळलेली पाने यांचे ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे, पण खोडाला ते भिडू देऊ नये. मटका सिंचनही या हवेत फार उपयोगी पडते : न रंगवलेला मातीचा मटका गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून तोंड झाकले की भोवतीची माती कोरडी पडेल तसतसे पाणी आपोआप झिरपते.

फळाचा तळ काळा पडतो तो फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्यामुळे. वाळवंटी मातीत कॅल्शियम सहसा भरपूर असते. ते पाण्याबरोबरच वाहून येते आणि पाण्याची आवक कमीजास्त झाली की वाढत्या फळाचे टोक वंचित राहते. म्हणून टरफलांचा उपयोग झाला नाही. खराब फळे काढून टाकावीत आणि पाणी एकसारखे ठेवावे. पुढची फळे चांगली येतील.

प्रश्न : मिरचीची कोवळी पाने पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्याच आहेत. वाफ्याच्या कडेला मिठासारखा पांढरा थरही दिसतो. राख घालावी का?

उत्तर : राख मुळीच घालू नये. वाळवंटी मातीचा सामू (पीएच; तो ७ च्या वर असेल तर माती विम्ल, म्हणजे अल्कधर्मी) बहुधा ८ च्या आसपास असतो आणि राखेने तो आणखी वाढतो. अशा चुनखडीयुक्त मातीत लोह असते, पण झाडाला घेता येत नाही, म्हणून नव्या पानांवर हा पिवळेपणा दिसतो. तात्पुरता उपाय म्हणून विम्ल मातीत टिकणारे चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, द्यावे. कायमचा उपाय म्हणजे दर हंगामात चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळत राहणे. पांढरा थर क्षारांचा आहे. मातीची क्षारता साधारण २.५ डेसिसिमेन्स प्रति मीटर (माती-परीक्षणात क्षार मोजण्याचे एकक) इथपर्यंत गेली तरी टोमॅटोचे उत्पन्न घटत नाही. मिरची मात्र १.५ च्या पुढे माघार घेऊ लागते, म्हणून तिच्यावर लक्षणे आधी दिसतात. निचरा चांगला असेल तर अधूनमधून एकदा नेहमीपेक्षा बरेच अधिक पाणी सावकाश सोडून क्षार मुळांच्या खाली जाऊ द्यावेत. शेणखत ताजे असेल तर त्यातूनही क्षार येतात, ते टाळावे.

प्रश्न : टोमॅटो पिकतात, पण लाल न होता नारिंगीच राहतात. आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतील मिरची उन्हाळा संपल्यावर काढून टाकावी का?

उत्तर : टोमॅटोला लाली देणारे लायकोपीन साधारण ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळी रंगद्रव्ये मात्र तयार होत राहतात, त्यामुळे फळ नारिंगी दिसते. फळाच्या तळाशी पहिली गुलाबी छटा दिसताच ते तोडावे आणि घरात २० ते २५ अंशांच्या जागी, उन्हापासून दूर ठेवावे. ते तेथे नीट लाल होते आणि पक्ष्यांपासूनही वाचते. फ्रिजमध्ये ठेवू नये.

मिरची काढू नका. ती मुळात बहुवर्षायू आहे. थंडीपासून सांभाळली तर पुढच्या वर्षीही फळते. उन्हाळा ओसरताना शेंड्यांची हलकी छाटणी करून थोडे कंपोस्ट दिले की नवी फूट येते आणि त्या फुटीवर फुले धरतात. कुंडी मात्र बदला. अशीच एक काळी कुंडी मी स्वतः उन्हाळ्याच्या अखेरीस रिकामी केली, तेव्हा ऊन लागणाऱ्या बाजूची मुळे तपकिरी होऊन बोटांत चुरत होती आणि सावलीच्या बाजूची पांढरी, टवटवीत होती. फिक्या रंगाची, निदान २० लिटरची कुंडी घ्यावी. ते शक्य नसेल तर हीच कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या पोकळीत पेंढा भरावा.