भंगाराच्या हिशोबाने इमारत तोडू देऊ नका

प्रश्न : ताई, आमची सोसायटी विलेपार्ले पूर्वेला, १९७४ची, ग्राउंड प्लस थ्री. रीडेव्हलपमेंटला दिली आहे. वीस बिऱ्हाडांपैकी सतरा गेली, तिघं अजून राहतात. परवा बिल्डरची माणसं येऊन रिकाम्या घरांची दारं, खिडक्या, ग्रिल काढायला लागली. हटकलं तर म्हणाली, "पाडकाम आमचं, तुम्ही फक्त किल्ल्या द्या." शेजारच्या सोसायटीचे लोकही भांडायला येतात. त्यांची भिंत आमच्यापासून जेमतेम आठ फुटांवर आहे. आम्ही नेमकं बघायचं काय?
— सेक्रेटरी, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : साहेब, किल्ल्या अजून देऊ नका. आणि ते ग्रिल काढणं आजच्या आज लेखी पत्र देऊन थांबवा. माणसं राहत असताना इमारत सोलायला घेणं म्हणजे उरलेल्या तिघांना पळवून लावायची जुनी युक्ती आहे. तिघांचं भांडण खरं असो की खोटं, ते सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे नाहीतर कोर्टात मिटवायचं, घणाने नाही.

आता मूळ मुद्दा. मुंबईत पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराला बहुतेक वेळा मजुरी द्यावी लागत नाही, तोच उलट पैसे मोजून काम घेतो. त्याची कमाई लोखंडात, ग्रिलमध्ये, सागवानात, लिफ्टच्या सामानात. त्यामुळे आधी काय काढायचं हे तो भावावर ठरवतो, आणि इमारत कशावर उभी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. माझ्या अनुभवात पाडकामातले बहुतेक अपघात इथे जन्माला येतात. म्हणून परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही असलेला तोडण्याचा क्रम कागदावर मागा. 'आमची माणसं अनुभवी आहेत' हे उत्तर चालणार नाही. पाडकामासाठी आयएस ४१३० ही भारतीय मानक संहिता आहे. इंजिनीअरला त्याप्रमाणेच लिहायला सांगा.

त्या क्रमात दोन गोष्टी मी सगळ्यात आधी शोधते. पहिली, बाल्कन्या. सत्तरच्या दशकातल्या इमारतींत बाल्कनी बाहेर लोंबती असते. तिच्या वरच्या बाजूचं लोखंड आतल्या स्लॅबमध्ये गेलेलं असतं, आणि आतल्या भाराच्या जोरावर ती तगून असते. आतला स्लॅब आधी फोडला की बाल्कनी अख्खी रस्त्यावर येते. तिला खालून टेकू देऊन तीच आधी उतरवायची. दुसरी, डेब्रिज, म्हणजे फोडलेला राडारोडा. वरचा मजला फोडून माल खालच्या स्लॅबवर साठवत जायचं आणि दिवसाखेरीला एकदम खाली लोटायचं, ही सर्रास चालणारी पद्धत. हिशोब करून बघा. दहा बाय बाराच्या खोलीत दोन फूट डेब्रिज साचलं तर वजन नऊ टनांच्या आसपास जातं. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार, म्हणजे माणसं आणि सामान, धरून बांधलेला असतो. म्हणजे त्या खोलीला सव्वादोन टन. तोही नवा असताना! त्यात गच्चीवर क्रेनने छोटं ब्रेकर मशीन चढवणार असतील तर खालच्या मजल्यांना टेकू कुठे आणि किती, हेही लिहून हवं. काम वरून खाली, एकेक मजला. जिना शेवटपर्यंत शाबूत, कारण मजुरांना उतरायची वाट तीच.

पण घण पडायच्या आधी कागद. सगळ्या सभासदांशी नोंदणीकृत करार झाले का? पालिकेची आयओडी, म्हणजे नव्या इमारतीच्या नकाशाला अटींसह मिळालेली मंजुरी, हातात आहे का? आधी पाडकाम आणि मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, असाच क्रम असतो. त्यामुळे आयओडीशिवाय इमारत पाडली तर तुम्ही ना जुन्या घरात, ना नव्या घराच्या यादीत. २०१९च्या शासन निर्णयात प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे. ती बिल्डरकडून आली का? जुना मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, प्रत्येक घराची मोजणी आणि फोटो, सगळं सोसायटीच्या कपाटात ठेवा. इमारत गेली की तिच्या क्षेत्रफळाचा पुरावा एवढाच.

मग जोडण्या. मीटर नेला म्हणजे वीज गेली असं समजू नका. मीटर रूमपर्यंत येणारी केबल जिवंतच असते. ती कंपनीकडून काढून घ्या आणि तसं पत्र मिळवा. गॅसचंही तेच. घरोघरची चावी बंद करणं पुरेसं नाही. महानगर गॅसच्या माणसांनी मुख्य जोडणी खाली तोडून, टोकाला टोपण लावून द्यायला हवं. गच्चीवरची टाकी रिकामी करायची. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन, आणि ती सहसा जिन्याच्या डोक्यावरच बसलेली असते. जमिनीखालची टाकी कुठे आहे ते नकाशावर दाखवून ठेवा, नाहीतर पोकलेन तिच्यात जातो. गच्चीवर सिमेंटचे जुने नालीदार पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. ते फोडायचे नाहीत. ओले करून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे, आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत जाऊ द्यायचे नाहीत. आवारातल्या झाडाला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, फांदीलाही.

शेजाऱ्यांशी भांडू नका, त्यांना बोलवा. दोन्ही सोसायट्या आणि इंजिनीअर मिळून त्यांच्या भिंती, छत, कुंपण यांचे तारखेसकट फोटो काढा. आहेत त्या तड्यांवर काचेची पट्टी चिकटवा. तडा सरकला तर काच फुटते, वाद घालावा लागत नाही. ठेकेदाराचा मजुरांचा विमा आणि तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा, दोन्हींच्या प्रती घ्या. धुळीबाबत पालिकेचे नियम ऑक्टोबर २०२३पासून कडक आहेत : तुमच्याएवढ्या प्लॉटला २५ फूट उंच पत्रे, इमारतीला वरपासून खालपर्यंत ओलं गोणपाट किंवा हिरवं कापड, तोडताना सतत पाणी, ट्रकवर ताडपत्री. डेब्रिज कुठे जाणार ते आधी मंजूर करून घ्यायचं असतं. रात्री खाडीत ओतलेला ट्रक पकडला गेला तर चौकशी तुमच्या दारातही येईल.

प्रश्न : गिरगावात पागडीच्या खोलीत आमची तिसरी पिढी. मालक पालिकेची नोटीस दाखवून आठ दिवसांत निघा म्हणतो. चाळ पाडली की आमचा हक्क संपला का?
— एक भाडेकरू, गिरगाव

उत्तर : नाही, वहिनी. इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं आहे. नोटीस मालकाच्या मोबाईलवर बघू नका, प्रत घ्या. महापालिका कायद्याच्या कलम ३५४ची आहे का, आणि इमारत सी-१ मध्ये, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायच्या वर्गात, टाकली आहे का ते वाचा. चाळ ३० सप्टेंबर १९६९पूर्वीची आणि उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळातही चौकशी करा. इमारत धोकादायक ठरवणारं स्ट्रक्चरल ऑडिट पटत नसेल तर भाडेकरूंनी मिळून आपला इंजिनीअर लावावा. दोन अहवाल जुळले नाहीत की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं.

मात्र तुमच्याच इंजिनीअरनेही धोकादायक म्हटलं, तर आत बसून लढू नका. २०१७च्या ऑगस्टमध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली तेव्हा आत माणसं राहत होती. घर सोडण्याआधी पालिकेकडून भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या खोलीचं क्षेत्रफळ लिहून घ्या. भाडेपावत्या आणि वीजबिलं चाळीबाहेर नातेवाइकाकडे ठेवा. मोजणीच्या दिवशी घरातलं कोणीतरी हजर राहा, आणि आकडा नीट वाचल्याशिवाय सही करू नका.