वेळ काढू नकोस, काम सोपव

दोन मुलं, त्यात धाकटं आठ महिन्यांचं, नवऱ्याची शिफ्ट, सासूबाईंचे गुडघे. आणि वर जो तो सांगतो, ‘स्वतःसाठी वेळ काढ’. तो कुठून काढू, असं तू विचारलं आहेस. वयाने मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

कुठूनच निघणार नाही गं. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं त्याशिवाय. तेव्हा तुझं काही चुकतंय, हे आधी मनातून काढ. एखादं काम पूर्णपणे दुसऱ्याच्या अंगावर गेलं, तरच तुला तास मिळेल.

पण त्याआधी रक्त तपासून घे. बाळंतपणानंतर असं होतंच, म्हणत मी दोन वर्षं जिन्यात धापा टाकत होते. हिमोग्लोबिन निघालं ८.४. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या गुजरातेत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ६५ बायका त्यात होत्या. थायरॉइडही बघ, बाळंतपणानंतरच्या वर्षात तो बिघडू शकतो. गोळ्या डॉक्टर देतील, पण जेवणाबरोबर आणि गोळीबरोबर चहा घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. मी सकाळी चहा-पोळी खाऊन त्यावरच गोळी घ्यायचे.

आता तासाचं. मी आधी घरातच दार लोटून बसायचे. पाच मिनिटं झाली की ‘आई, हे कुठे?’ मग बाहेर पडायला लागले. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहायचो. शनिवारी संध्याकाळी मुलं यांच्याकडे, आणि मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली उभी केलेली ती लायब्ररी मला माहेरासारखी झाली. मराठी पुस्तकांच्या कपाटाशी उभ्या उभ्या चार पानं वाचली तरी खांदे सैल पडायचे. तू फतेगंजला आहेस, तुला कमाटीबाग जवळ. धाकट्याला पाजून निघ, तासाभरात परत ये.

नवऱ्याला ‘जरा मदत करा’ म्हणू नकोस. ‘शनिवारचं रात्रीचं जेवण तुमचं’ असं सांग. भाजी आहे का, थोरला काय खाईल, हे बघणंही त्यांचंच. यादी करून दिलीस तर काम तुझ्याच डोक्यात राहील. पहिल्या शनिवारी मी परतले तेव्हा खिचडी लागलेली, मुलीचा फ्रॉक उलटा, आणि ओट्यावर हात टाकायचा मोह मला आवरेना. तो आवरायचाच. हे सगळ्यात अवघड आहे, आणि इथेच बहुतेक जणी परत फिरतात.

सासूबाईंची मला धास्ती होती. पाचव्या की सहाव्या शनिवारी पाऊस होता, म्हणून मी घरीच राहिले, तर त्यांनीच विचारलं, ‘आज गेली नाहीस? छत्री घेऊन जा की.’ त्यांना तरुणपणी असं कोणी म्हटलं नव्हतं.

एक मात्र वेगळं समज. दोन आठवडे सतत रडू येत असेल, बाळ नकोसं वाटत असेल, जगूच नये असं मनात येत असेल, तर तो नुसता थकवा नव्हे. शनिवारची वाट बघू नकोस. घरात सांग, डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, १४४१६ वर फोन कर. रात्री-अपरात्रीही उचलतात, पैसे लागत नाहीत.

रक्ताचा रिपोर्ट आला की आकडे इथे लिही, मी बघते.