पोस्टाची तिकिटं जमवायची तर आधी वाच

अरे, अल्बम आणलास ते बरं केलंस. पण आपल्या रत्नागिरीच्या पावसाळ्यात तो आडवा रचून ठेवू नकोस. दमट हवेत गोंद ओला होतो नि कोरी तिकिटं पानाला चिकटून बसतात. उभा ठेव, अधूनमधून पानं चाळ. उन्हात मात्र नको, रंग उडतो.

आता विक्रीचं म्हणशील तर स्टॅन्ली गिबन्स या इंग्रज तिकीट-व्यापाऱ्याकडे बघ. जन्म १८४०, प्लिमथचा. वडिलांच्या औषधांच्या दुकानातच त्याने १८५६ला तिकिटांचा धंदा मांडला. १८६३मध्ये दोन खलाशांकडून दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपच्या त्रिकोणी तिकिटांचं पोतं त्याने पाच पौंडांना घेतलं. लोक याला नशीब म्हणतात, मला नाही पटत. पोत्यात काय आहे हे ओळखायची नजर होती म्हणून पाच पौंड सुटले! पुढे १८९०मध्ये धंदा विकला, तोही पंचवीस हजार पौंडांना.

तेव्हा आधी तिकिटांच्या किमतींचा कॅटलॉग वाच. इथल्या जुन्या घरांतल्या ट्रंकांत मुंबईहून, आफ्रिकेहून आलेली पत्रं पडून असतात. तिकीट कापून घेऊ नकोस, पाकीट अख्खं माग. शिक्क्यालाही भाव येतो. आणि घरच्यांना खरी किंमत सांग, गाव लहान आहे.