डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आणि मंद जळणारा दिवा

प्रश्न : गुहागरला आमच्याकडे वडिलांची डायनॅमोवाली जुनी जीप आहे. तिला आतच रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) असलेला अल्टरनेटर, म्हणजे डायनॅमोऐवजी वीज बनवणारे नवे यंत्र, बसवला, वायरिंग मात्र जुनेच ठेवले. आता हेडलाइट लावले की चार्जिंगचा दिवा मंद जळतो आणि बॅटरी उतरते. अल्टरनेटर बदलावा का?

उत्तर : एवढ्यात बदलू नका. डायनॅमोच्या बेताने घातलेल्या बारीक वायरीवर अल्टरनेटरच्या जास्त अँपिअरचा भार टाकला, की व्होल्टेज वाटेतच पडते आणि वायर तापते, म्हणून जुनी रेग्युलेटर पेटी सर्किटमधून पूर्ण वगळून अल्टरनेटरच्या बी प्लस या वीज बाहेर देणाऱ्या टोकापासून बॅटरीपर्यंत जाड वायर फ्यूजसह थेट न्यावी. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवावी.

समुद्राकाठच्या गाडीत माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला गाडीच्या धातूशी जोडणाऱ्या वायरीवर, असतो. तिच्या टोकाची थिंबल (धातूची पकड) वरून चकचकीत दिसते, पण आवरण दोन इंच सोलले की आतले तांबे हिरवे-काळे पडलेले सापडते. इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले असताना मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीला व दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, 0.2 व्होल्टहून जास्त दिसले, तर अर्थची पट्टी बदला. बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळायला हवेत.

चार्जिंगच्या बल्बऐवजी एलईडी मात्र लावू नका, कारण त्या बल्बमधून जाणाऱ्या प्रवाहानेच अल्टरनेटर सुरुवातीला जागा होतो. इग्निशन स्विचच्या गंजलेल्या जोडामुळेही दिवा असा मंद जळतो. हे सारे नीट असूनही तो विझला नाही, तरच अल्टरनेटरमधले डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तपासून घ्यावेत.