पहिलं परकर-पोलकं शिवताना

अगं, लेकीसाठी पहिल्यांदाच शिवते आहेस ना? मग आधी कापड रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर आणि मगच कात्री लाव. सुती खण किंवा छापील कापड पहिल्याच धुण्यात आटतं, आणि मेहनत वाया जाते.

मुलं उंचीने भराभर वाढतात, कमरेने फार कमी. म्हणून परकर लांब ठेव आणि जादाची लांबी टकांमध्ये, म्हणजे कापड आडवं दुमडून शिवलेल्या घड्यांमध्ये, लपव. अर्ध्या इंचाची दुमडलेली एक टक उसवली की परकर एक इंच उतरतो. अशा तीन टका घाल, खाली दोन इंच दुमड ठेव. टकांना टाका मोठा घाल, उसवताना कापड फाटत नाही. कमरेला नाडीच बरी.

पोलक्याला बगलेखाली एकेक इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोड. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या जागेच्या, गोलाईत मात्र माया कमी ठेव, नाहीतर तिथे गोळा होऊन काखेत टोचते. छातीच्या मापात तीन इंच सैल धर. पोलकं आधी मुंढ्यातच घट्ट होतं, तेव्हा मुंढा थोडा खोल काप.

माझ्या मुलीचा हिरवा परकर तीन दिवाळ्या चालला. टका उसवलेल्या जागी गडद रेघा दिसायला लागल्या, तेव्हा त्यावर गोट, म्हणजे कापडाची पट्टी, लावला.