जिजीची तारीख

प्रिय सई,

घरातल्या सर्वांत जुन्या माणसाच्या जन्मसाली जगात आणखी कोण जन्मले, याचा तक्ता तू शाळेसाठी केलास. 1929 सालच्या नावांत 15 जानेवारीचे अटलांटातले मार्टिन ल्यूथर किंग होते, 4 मेची ब्रसेल्समधली ऑड्री हेपबर्न होती, 12 जूनची आपल्याच फ्रँकफर्टमधली अ‍ॅन फ्रँक होती, 28 सप्टेंबरच्या इंदूरच्या लता मंगेशकर होत्या, आणि मध्येच 1 जूनची तुझी पणजी, आमची जिजी. ती तारीख खरी नव्हे, शाळेत नाव घालताना मास्तरांनी घातलेली आहे, हे मी सहज बोलून गेले आणि तू विचारलेस, “तारीख लिहून ठेवावी एवढीसुद्धा ती कुणाला महत्त्वाची नव्हती का?” मी कणीक मळायचे निमित्त करून उठले.

जूनमध्ये शाळा भरत, वयाचा हिशेब सोपा जावा म्हणून 1 जून लिहिला जाई. जिजीच्या पिढीत अशी माणसे घरोघर सापडतील. पण जिजीला वाढदिवस नव्हता, असे मात्र नाही. ती नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. आदल्या दिवशीचा नारळीभात त्यासाठी मुद्दाम थोडा मागे ठेवला जाई. सकाळी माझी आई निरांजन घेऊन तिला ओवाळी, ती “पुरे गं, मी काय लहान आहे?” म्हणत पदर सावरी, आणि मग चुलीपाशी बसून उलथन्याने पातेल्याच्या तळाला लागलेला, गुळाने काळपट झालेला खरपूस भात खरवडून आम्हा भावंडांच्या तळहातावर ठेवी. तिच्या वाट्याला मऊ भात येई. वाढदिवस तिचा आणि चंगळ आमची, हे तेव्हा मला कधी खटकले नाही.

इथवर मी तुला ठामपणे सांगू शकते. पुढचे तेवढे सोपे नाही. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मला एकदा आजोबांची जन्मपत्रिका सापडली होती. हळदीची बोटे लावलेली, घटका-पळांसकट. मी जिजीला विचारले, “तुमची कुठे आहे?” ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “माझी कुणी केलीच नाही. लग्नात नावावरून गुण जुळवले.” आणि ज्या नावावरून जुळवले ते नावही लग्नात बदलले. म्हणजे तुझा प्रश्न अगदीच चुकीचा नाही, आणि म्हणूनच तो मला लागला असावा.

नावे तुझ्या तक्त्यातल्या मोठ्या माणसांचीही बदलली होती. किंग जन्मले तेव्हा मायकल होते. 1934 साली त्यांचे वडील जर्मनीला जाऊन आले आणि त्यानंतर स्वतःचे व मुलाचे नाव त्यांनी मार्टिन ल्यूथर केले. लताबाई आधी हेमा होत्या. रेडिओवर त्यांचा आवाज आला की जिजी “ही माझ्याच वर्षाची” असे अशा थाटात म्हणे, की जणू दोघी एकाच वर्गात होत्या.

अ‍ॅनची तारीख मात्र साऱ्या जगाला पाठ आहे, कारण 1942 साली, घरचे अ‍ॅमस्टरडॅमला राहत असताना, तेराव्या वाढदिवसाला तिला ती रोजनिशीची वही मिळाली. तिचे फ्रँकफर्टमधले, मारबाखवेग रस्त्यावरचे घर तू बाहेरून पाहिले आहेस. पण ज्यू कुटुंबांच्या तारखा आणि पत्ते अ‍ॅमस्टरडॅमच्या सरकारी दप्तरांतही फार नीट लिहिलेले होते, आणि त्यांना धरून नेणाऱ्या नाझींना त्याच नोंदी उपयोगी पडल्या. तेव्हा नीट लिहून ठेवणे म्हणजे माया, असेही म्हणता येत नाही. हे लिहिताना मला वाटते की मी तुझ्याशी वाद जिंकायला बघते आहे, आणि त्यासाठी अ‍ॅनला मध्ये आणणे बरे नाही. म्हणून इथेच थांबते.

1929 ची नारळी पौर्णिमा 20 ऑगस्टच्या आगेमागे येते, त्यामुळे जिजीची इंग्रजी तारीखही पंचांग पाहून काढता येईल. तक्त्यावर ती घालायची, 1 जून तसाच ठेवायचा की नुसते “पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी” लिहायचे, हे तू ठरव. तुझ्या बाईंना समजावून सांगावे लागले, तर मी येईन. नको असेन, तर येणार नाही.

यंदा मी नारळीभात करीन आणि थोडा मागे ठेवीन. तुला तो गोड भात आवडत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा खाल्लाच पाहिजेस असे नाही. फक्त पातेल्यात लगेच पाणी ओतू नकोस.

तुझी,
आई