‘पैसे भरून मुलगा सुटेल का?’

प्रश्न : सोळा वर्षांचा मुलगा क्लास बुडवून कुणाची तरी ‘पार्सलं’ पोचवतो. एक पाकीट हरवलं म्हणून आता १५ हजार मागताहेत. भरून टाकू का? – एक आई, पुणे

उत्तर : भरू नका, ताई. अशी ‘पार्सलं’ बहुधा अमली पदार्थांची असतात, आणि पाकीट बऱ्याचदा ती पाठवणाऱ्यांचाच माणूस हिसकावतो. पोराला उधारीत अडकवायची ही जुनीच युक्ती. एकदा भरलेत की आकडा वाढतो.

मोबाइल फोडू नका, चॅटही पुसू नका. धमकीचे मेसेज, नंबर, पैसे पाठवल्याच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या फोनवर ठेवा. पार्सलं देणाऱ्यांना जाब विचारायला स्वतः जाऊ नका. मार मुलालाच बसतो. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करून बालकल्याण समितीपुढे (संकटातल्या मुलांच्या संरक्षणाचं पाहणारी सरकारी समिती) जायची सोय विचारा. जिवावरची धमकी असेल तर थेट ११२ या आपत्कालीन नंबरवर.

पोलिसांची भीती वाटणारच. पण बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७८ नुसार मुलाला अमली पदार्थ वाहून न्यायला लावणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलगा पकडला गेलाच, तरी त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अल्पवयीनांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं चालतात तिथे, न्यावं लागतं. ‘माझ्यावर जबरदस्ती झाली’ हे तिथे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. वकील मोफत मिळतो.

तो स्वतःही ओढत असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६.